मे महिन्यात विद्यापीठाचं फाटक: सांगलीतल्या उन्हाळी कलामहोत्सवाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम सांगलीतल्या एका विद्यापीठ-संकुलात मराठी शिकवतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी आठ दिवस नाच, नाटक, चित्रकला आणि व्याख्यानं असा महोत्सव ‘सर्वांसाठी खुला’ म्हणून केला. प्रेक्षकांत मात्र त्यांचेच प्राध्यापक, कर्मचारी आणि त्यांची मुलं होती. यंदा वरून तीन आठवडे आणि तीन लाख रुपये मंजूर झालेत. गावातली माणसं यावीत म्हणून काय करावं, परवानग्या कोणत्या लागतात, मुलांच्या शिबिराला फी किती ठेवावी, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, उत्तर लांबणार आहे, कारण ह्याच खड्ड्यात मी दोनदा पडलोय. सांगलीतल्याच एका संस्थेचा सांस्कृतिक विभाग मी अठरा वर्षं सांभाळला आणि त्यातले अकरा उन्हाळे असा महोत्सव केला. पहिली दोन वर्षं माझा प्रेक्षक तुमच्यासारखाच होता. पुढच्या रांगेत प्राचार्य, त्यांच्या मागं विभागप्रमुख आणि शेवटी कँटीनवाल्याची पोरं. मी कार्यक्रम बदलत बसलो. शास्त्रीय गायन काढून भावगीतं घातली, भावगीतं काढून ऑर्केस्ट्रा आणला. खुर्च्या तेवढ्याच भरायच्या.

तिसऱ्या वर्षी माझी स्कूटर फाटकाशीच बंद पडली. मेकॅनिकची वाट बघत मी तासभर तिथं उभा होतो. तेवढ्यात एक बाई दोन पोरं घेऊन आल्या. आतून तबल्याचा आवाज येत होता. वॉचमननं सवयीनं विचारलं, “कुणाकडं जायचंय?” बाईंकडं ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण त्यांना कुणाकडंच जायचं नव्हतं. “काही नाही, असंच,” म्हणून त्या वळल्या. त्या तासात असे पाच-सहा जण परत गेले. वॉचमनची काही चूक नव्हती. वर्षाचे अकरा महिने आपण त्याला हेच विचारायला पगार देतो. भिंतीवर ‘सर्वांसाठी खुला’ लिहायचं आणि फाटकावर नाव, मोबाइल नंबर, येण्याचं कारण अशी वही भरायला लावायची, असा आमचा कारभार होता.

त्यामुळं तुमच्या तीन लाखांतला पहिला रुपया मी फाटकावर खर्च करीन. आमच्या संकुलाला मागं वस्तीच्या बाजूला एक छोटं फाटक होतं. गाड्या चोरीला जातात म्हणून त्याला कित्येक वर्षं साखळी होती. महोत्सवाच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाच ते पावणेदहा ते उघडं राहील, असं कुलसचिवांच्या सहीनं लेखी घेतलं. लेखी घ्याच, कारण तोंडी परवानगी दुसऱ्याच दिवशी विसरली जाते. वही काढली. फाटकाशी दोन माठ ठेवले. वॉचमनला कार्यक्रमपत्रिका समजावून दिली आणि सांगितलं, आता एवढंच म्हणायचं: “या, पाणी घ्या, समोर सरळ.” तो माणूस आठवड्यात यजमान झाला. आज काय आहे, कालचा बुवा कसा गायला, हे तोच लोकांना सांगायला लागला.

फाटकापासून रंगमंचापर्यंतचा रस्ता रात्री एकदा स्वतः चालून बघा, आणि बरोबर एखाद्या आजीबाईंना घ्या. आमचा रस्ता अंधारा होता. साधी बल्बची माळ लावली. शौचालयांची किल्ली शिपायाकडं असायची आणि शिपाई साडेपाचला घरी जायचा. बायका तासाभरानं का उठून जातात ह्यावर आमच्या समितीत ‘अभिरुची’ वगैरे चर्चा झाली होती. कारण शौचालयाला कुलूप, एवढंच होतं. सफाई कामगारांना त्या दिवसांचा जादा भत्ता अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा. आमच्याकडं तो ‘इतर खर्च’मध्ये होता आणि कात्री आधी तिथंच लागली.

आता तारखा. तीन आठवडे रोज कार्यक्रम ठेवू नका. ते तुम्हालाही झेपणार नाही आणि गावालाही. मुलांचं शिबिर आणि कार्यशाळा रोज सकाळी सात ते साडेनऊ चालवा, आणि संध्याकाळचे कार्यक्रम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार. दहानंतर सांगलीच्या उन्हात मुलांना बाहेर ठेवणं पाप आहे. पारा चाळिशीला टेकलेला असतो. संध्याकाळी सूर्य सातच्या आसपास मावळतो, फरशी आणि सिमेंटच्या पायऱ्या त्यानंतरही अर्धा तास चटके देतात. म्हणून सव्वासातला सुरू आणि साडेनऊला संपवा. शेवटची शहर बस आणि वडाप रिक्षा कधी सुटते ते विचारून घ्या. संजयनगर, शामरावनगर, कुपवाड, मिरज ह्या भागांतून येणारा माणूस घरी कसा जाईल हे ज्याला ठाऊक नाही त्यानं वेळापत्रक करू नये.

पंचांग उघडून लग्नाच्या मोठ्या तिथी बघा. त्या दिवशी मंडपवाला, साउंडवाला, आचारी आणि प्रेक्षक ह्यांतलं काहीच तुमचं नसतं. चैत्र-वैशाखात आजूबाजूच्या गावांच्या जत्रा असतात, सांगलीतली निम्मी घरं मूळ गावी जातात. हळदीचा हंगामही तेव्हाच. मार्केट यार्डातला हमाल आणि अडत्याकडचा दिवाणजी तुम्हाला हवा असेल, तर यार्डाची सुट्टी कोणत्या वारी हे विचारा. आयपीएलला मात्र घाबरू नका. आम्ही एकदा अंतिम सामन्याच्या रात्री भजन ठेवलं, निम्मं गाव घरी बसलं. पण उरलेलं निम्मं आलं, आणि त्यांत बायकाच जास्त होत्या. त्या दिवशी टीव्हीचा रिमोट आपल्या हातात नसतो म्हणून आलो, असं एकीनं सांगितलं.

वळवाचं काय करायचं हे कुणी विचारत नाही आणि सगळ्यांचा घात तिथंच होतो. दुपारी चारपर्यंत आभाळ स्वच्छ, पाचला पश्चिमेला काळं, मग धुळीचं वादळ आणि त्यामागं गारा किंवा सरी. आधी वारा येतो हे लक्षात ठेवा. पाऊस माणसाला भिजवतो, वारा मंडप उचलतो. एका वर्षी आमच्या रंगमंचामागं चाळीस फुटी फ्लेक्स होता, त्यावर पाहुण्यांचे फोटो. वाऱ्यानं त्याचं शीड झालं आणि बांबूसकट आडवा झाला. रंगमंचावर त्या वेळी कुणी नव्हतं, हे आमचं नशीब. तेव्हापासून मागं साधा काळा पडदा, खाली मोकळा सोडलेला, एवढंच. मंडप घालायचाच नाही. उघड्यावर सतरंज्या, आणि पर्याय म्हणून सभागृह रोज झाडून तयार. कार्यक्रम आत हलवायचा की नाही हे एकाच माणसानं ठरवायचं, पाच वाजता, आणि नंतर चर्चा नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ हे ॲप विजांची सूचना देतं, ते त्या माणसाच्या फोनवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की वायरिंग बंद आणि झाडाखालची माणसं आत. साउंडवाला कुरकुर करील, करू द्या.

आता कार्यक्रम काय ठेवायचा. सांगलीत हा प्रश्न निघाला की कुणीतरी छाती फुगवून 1843 सांगतं. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच केलं, 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो, सगळं खरं. पण तो प्रयोग सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयानं झाला होता. प्रेक्षक जमवायची चिंता भाव्यांना तेव्हा नव्हती. ती पुढं दौऱ्यावर निघाल्यावर आली आणि 1853 मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. तुमची अवस्था दौऱ्यावरच्या भाव्यांची आहे. संस्थानिक वर बसलेत, पण गाव खाली बोलवायचंय.

माझा अनुभव असा की गाव ‘बघायला’ फार येत नाही. जिथं त्याला काही करायचं असतं, दाखवायचं असतं किंवा भांडायचं असतं तिथं येतं. दोन उदाहरणं जरा सविस्तर सांगतो.

पहिलं मिरजेचं. सतारी आणि तानपुरे करणारी घराणी आपल्या दारात आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हे काम उचललं आणि आज त्यांचे तानपुरे देशभरच्या मैफलींत आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही पहिल्यांदा काय केलं? एका कारागिराला शाल-श्रीफळ देऊन खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या कलेवर एका प्राध्यापकांचं चाळीस मिनिटांचं भाषण ठेवलं. कारागीर घामाघूम, प्रेक्षक पेंगलेले.

पुढच्या वर्षी भाषण नाही, ‘वाद्यदुरुस्तीचा रविवार’ ठेवला. घरातली बंद पडलेली वाद्यं घेऊन या, कारागीर बघतील, लहान काम जागेवर आणि फुकट, मोठ्या कामाचा अंदाज सांगतील. कारागिरांची दिवसाची मजुरी आम्ही दिली, त्यांनी सांगितली तेवढी. मला वाटलं दहा वाद्यं येतील. सकाळी आठला रांग होती. माळ्यावरून काढलेले तानपुरे, खुंट्या गेलेल्या सतारी, भाता फाटलेल्या पेट्या (पेटीवाला आम्ही बोलावलाच नव्हता, त्याला फोन करून पळत आणलं), कुणाच्या सासूबाईंचं दिलरुबा. एक गृहस्थ नुसता फुटका भोपळा घेऊन आले. बाकीचं वाद्य कुठं गेलं त्यांना ठाऊक नव्हतं, पण भोपळा वडिलांचा होता. कारागिरानं तो उलटा करून वाजवून बघितला आणि म्हणाला, पंढरपूरकडचा माल आहे, असा जाड आता मिळत नाही. ते गृहस्थ तो भोपळा घेऊन दिवसभर तिथंच बसले.

आणि जवारी, म्हणजे तारेला गुंजारव देणारी घोडीची घडण. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर कुठं टेकते आणि कुठं सुटते त्यावर तानपुऱ्याचा गुंजारव ठरतो. कारागीर कानशीचा एक हलका हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमक्या जागी आणतो आणि आतापर्यंत ठणठण वाजणारी तार एकदम उघडते. हे माइकशिवाय, सतरंजीवर, तीन फुटांवरून बघायचं असतं. आमच्या भौतिकशास्त्राच्या एका मुलीनं फोनवर त्या आवाजाचा आलेख काढून कारागिराला दाखवला. दोरा सरकला की वरच्या स्वरांचे कळस कसे उभे राहतात ते त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “हे कानाला आधीच कळलं होतं.” तिथून पुढं दर वर्षी ती दोघं जोडीनं बसायची. विद्यापीठात असा महोत्सव करण्यात मला जो अर्थ दिसतो तो ह्यात आहे. नाहीतर करमणुकीला गावात भावे नाट्यमंदिर आहे, तुमची गरज काय?

दुसरं उदाहरण पुराचं. हे उन्हाळ्यातच करावं, कारण जूननंतर सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी मोजल्या जाणाऱ्या पाणीपातळीच्या आकड्याकडं लागतं. 40 फूट इशारा, 45 धोका हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं हेही. पण हे झाले पुलाचे आकडे. घरातलं पाणी कुणी मोजत नाही. आम्ही कॉरिडॉरच्या भिंतीवर मांजरपाटाची लांब पट्टी लावली, जमिनीपासून बारा फूट उंच. ज्याच्या घरात पाणी आलं त्यानं यायचं, आपल्या घरात ते कुठवर होतं त्या उंचीला आडवी रेघ मारायची आणि शेजारी फक्त गल्लीचं नाव. 2005 च्या पुराला हळद, 2019 च्या पुराला नीळ, 2021 च्या पुराला गेरू. बारा फुटांवर हात पोचत नाही म्हणून शिडी ठेवली आणि ती धरायला दोन मुलं.

पहिला दिवस थंड गेला. दुसऱ्या दिवशी गावभागातले दोन शेजारी एकमेकांची रेघ खोटी ठरवायला लागले. तुझा कट्टा उंच, माझा खाली, मग पाणी तुझ्या खिडकीला आणि माझ्या कोनाड्याला कसं? दोघं घरी जाऊन टेप घेऊन आले. मग आख्खी मारुती चौकाची बाजू आली. बायका रेघ मारताना वस्तू सांगायच्या: इथं देव्हारा होता, इथपर्यंत धान्याची कोठी, हे शिवणयंत्र. आमची मुलं ते वहीत उतरवत होती. आम्ही त्यांना ‘मुलाखत घ्या’ असं सांगितलं नव्हतं, म्हणून बरं झालं. प्रश्नावली घेऊन गेली असती तर दुसऱ्याच वाक्याला माणसं गप्प झाली असती. उंचावरच्या कॉलन्यांतली, जिथं पाणी आलंच नव्हतं तिथली माणसंही बघायला आली आणि कापडासमोर बराच वेळ उभी राहिली. शेवटच्या दिवशी त्या कापडासमोर भजन झालं. ते आम्ही ठरवलं नव्हतं, एका महिला मंडळानं परस्पर टाळ आणले. सगळा खर्च कापड, रंग आणि शिडीचं भाडं एवढाच.

एक सूचना: ह्यात व्यक्तीचं नाव, घर नंबर, नुकसानभरपाई मिळाली की नाही, असलं काही विचारू नका. एकदा का माणसाला वाटलं की हे सरकारी सर्वेक्षण आहे, की रेघ वर सरकते.

लोककलांबद्दल एक तक्रार करतो, माझ्या स्वतःबद्दलच. जत-आटपाडी-कवठेमहांकाळकडचं धनगरांचं गजीनृत्य आम्ही ‘लोककलांची झलक’ म्हणून दहा मिनिटं रंगमंचावर बसवलं. पंचवीस-तीस माणसं, ढोल, आणि वीस बाय पंधराचा लाकडी ठोकळा! पायाला माती हवी आणि रिंगण हवं, त्यात ढोल तापायलाच दहा मिनिटं लागतात. मंडळी निमूट नाचून गेली, पण म्होरक्या जाताना म्हणाला, “सर, पुढच्या वेळी मैदान द्या, नाहीतर बोलवू नका.” पुढच्या वेळी मैदान दिलं, वेळ मोजली नाही. लोक दीड तास उभे होते. तुमच्याकडं खेळाचं मैदान असेल तर रंगमंचापेक्षा ते वापरा. दिवसा पाणी मारून घ्या, धूळ बसते.

ह्या मंडळींच्या पैशांचं आधी बघा. विद्यापीठाची पद्धत म्हणजे तीन दरपत्रकं, पॅन, बँक तपशील आणि मग बिल लेखा विभागात फिरणार. एका संस्थेत असताना मी स्वतः एका ढोलवाल्याला मेच्या कार्यक्रमाचं मानधन दिवाळीला दिलंय. ती लाज अजून जात नाही. मार्चमध्येच आपल्या नावावर अग्रिम उचला, मानधनपत्रक छापून ठेवा, प्रवासखर्च त्याच रात्री हातात द्या. त्यासाठी लेखा विभागातल्या बाबूंशी जानेवारीपासून चहा प्या.

परवानग्या. नाटक करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का बघा. जुन्या नाटकाला बहुधा असतं, नवं असेल तर आधीपासून अर्ज करा. ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो चालत नाही. वर्षातले काही ठराविक दिवस बारापर्यंत सवलत असते, पण ते दिवस प्रशासन सणांना वाटतं, तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. गंमत अशी की 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शैक्षणिक संस्थांभोवतीचं 100 मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून येतं. म्हणजे तुम्ही स्वतःच स्वतःच्या शांततेचा भंग करणार. 2017 च्या दुरुस्तीनं असं क्षेत्र सरकारनं घोषित केलेलं असावं असं घातलंय. तुमचं संकुल त्यात येतं का, हे अर्ज करतानाच विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. शेजारी रुग्णालय असेल तर नियम बाजूला ठेवून स्वतः जाऊन भेटा आणि स्पीकरची तोंडं उलटीकडं करा.

कॉपीराइटची एक अडचण आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आपण गाणी वाजवतो, चित्रपट दाखवतो आणि कुणी काही म्हणत नाही. 1957 च्या कायद्यातलं कलम 52 शैक्षणिक संस्थेला ती सूट देतं, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेले लोक एवढेच असतील तर. फाटक गावाला उघडलं की ती सूट तुमच्या हातून जाते. उघड्यावर चित्रपट दाखवायचा तर प्रदर्शनाचे हक्क ज्याच्याकडं आहेत त्याची लेखी परवानगी घ्या. हयात लेखकाचं नाटक असेल तर लेखकाला फोन करा, मानधन विचारा. बहुतेक जण विद्यापीठ म्हटल्यावर कमी घेतात, पण न विचारता केलेलं कुणालाच आवडत नाही. हौशी संस्थेनं विनातिकीट केलेल्या प्रयोगाला वेगळी सवलत आहे, तरी विद्यापीठानं तिच्या आडोशाला उभं राहू नये असं माझं मत. आणि नकोच ती कटकट असं वाटत असेल, तर हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल आहेतच. ते 1916 मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे ‘शारदा’ आता सगळ्यांची. 1899 चं नाटक, म्हाताऱ्या नवऱ्याला विकली जाणारी मुलगी. एका वर्षी आम्ही त्याचं फक्त अभिवाचन केलं, पदांसकट, आणि सकाळी सगळे चालत हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलो. त्या चालण्याला पंधरा म्हाताऱ्या आल्या होत्या, त्यांनी वाटेतच पदं म्हणायला सुरुवात केली. आमच्या गाणाऱ्या मुली मुकाट्यानं मागं चालल्या.

मुलांच्या शिबिराची फी. फुकट ठेवू नका, लोक नाव घालतात आणि येत नाहीत. जास्त ठेवाल तर फक्त बंगल्यांतली मुलं येतील आणि तुमचं फाटक पुन्हा बंद. आम्ही रंग-कागदाच्या खर्चाइतकी फी ठेवली आणि अर्जावर एक ओळ घातली: ‘एवढी जमत नसेल तर जमेल तेवढी लिहा.’ कुणीही कारण द्यायचं नाही, विचारायचं नाही. बऱ्याच जणांनी पूर्ण भरली, काहींनी जास्तही. स्पर्धा आणि बक्षिसं ठेवू नका. शेवटच्या दिवशी सगळ्यांची चित्रं दोरीला चिमट्यांनी लावा, आईबाप आपोआप येतात आणि येताना आजी-आजोबांना आणतात.

स्वयंसेवक कुठून आणायचे, ही मेमधली खरी अडचण. परीक्षा चालू असतात किंवा संपून वसतिगृह रिकामं झालेलं असतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला 120 तास भरायचे असतात, त्यांचा कार्यक्रम अधिकारी फेब्रुवारीतच गाठा आणि तास ह्याच कामात धरायला सांगा. शिवाय पुण्या-मुंबईला शिकणारी सांगलीची पोरं सुट्टीला घरी असतात. कंटाळलेली असतात, कामाला वाघ असतात, आणि तुमच्या विद्यापीठाची नाहीत म्हणून कुणाला घाबरत नाहीत. आमचा प्रकाशयोजनेचा सगळा भार चार वर्षं अशाच एका मुलानं उचलला.

पाहुणे आणि दीपप्रज्वलन ह्याबद्दल काय बोलू? तुम्हाला वरिष्ठांना सांभाळायचं आहे, मलाही होतं. शेवटी मी उद्घाटन वेगळं केलं. सकाळी अकराला सभागृहात पंखे, दीप, शाल, फोटो, भाषणं, सगळं यथासांग, आणि संध्याकाळी सव्वासातला थेट पहिला सूर. कुलगुरू दोन्हीला आले, संध्याकाळी सतरंजीवर बसले. त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनीच सकाळचं भाषण पाच मिनिटांवर आणलं.

तीन लाख पुरतील, फ्लेक्स, पुष्पगुच्छ आणि बाहेरचा ‘सेलिब्रिटी’ कलाकार वगळला तर. मोठ्या नावाची एक संध्याकाळ अर्धा निधी खाते, त्या दिवशी गर्दी होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सतरंज्या रिकाम्या. आमचा मोठा खर्च कलाकारांचं मानधन, मग वीज आणि ध्वनी, मग पाणी आणि स्वच्छता, ह्या क्रमानं असायचा. जाहिरातीला जवळजवळ काही नाही. पेपरात टाकायची साधी एकरंगी चिठ्ठी, बचत गटांच्या बैठकीला दोन फेऱ्या, आणि भजनी मंडळांना प्रत्यक्ष आमंत्रण. मंडळाला आमंत्रण म्हणजे वीस घरांना आमंत्रण. समाजमाध्यमांवर टाका हवं तर, तुमचे विद्यार्थी टाकतीलच. त्यातून विद्यार्थी येतात, वस्ती येत नाही.

हजेरी मात्र मोजा. अहवालाला आकडा लागतोच, पण एकूण आकडा फसवा असतो. आम्ही फाटकाशी दोन डबे ठेवायचो आणि येणाऱ्याला चिंचोका द्यायचो: ह्या आवारात पहिल्यांदाच आलेल्यांनी डावीकडं टाकायचा, बाकीच्यांनी उजवीकडं. पोरं दोन-दोनदा टाकायची, तरी अंदाज येतो. ज्या संध्याकाळी डावा डबा जड, तो कार्यक्रम पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. आणि यंदा सुरू करण्याआधी एकदा, एप्रिलमधल्या कुठल्याही संध्याकाळी, साध्या कपड्यांत, ओळखपत्र घरी ठेवून, तुमच्याच फाटकातून आत जाऊन बघा. वॉचमन नवा असेल त्या दिवशी जा.